आधी गेटपास, मग घाट

गुहागरहून एका ताईंनी विचारलंय. मुलगा नववीत आहे आणि गाड्यांशिवाय त्याला दुसरं काही सुचत नाही. मेच्या सुट्टीत ९-१० दिवस मिळतील. गाड्या तयार होतात तो कारखाना आतून बघायचाय आणि जुन्या गाड्यांचं एखादं चांगलं म्युझियमही. सोबत ७२ वर्षांचे सासरे असतील, त्यांनी मुंबईत ३० वर्षं टॅक्सी चालवली. पुण्यापासून सुरुवात करावी की थेट दक्षिणेत जावं? आणि दहावीनंतर जर्मनीला न्यायचं म्हटलं तर ते कसं आखायचं?

माझं चिपळूणला गॅरेज आहे आणि गेली १८ वर्षं मी आयटीआयच्या मुलांना, शाळांना आणि तुमच्यासारख्या हौशी कुटुंबांना घेऊन असल्या सहली करतो. तुमच्या प्रश्नात गावं आहेत, दिवस आहेत, माणसं आहेत, पण कारखान्याची परवानगी कुठेच नाही. सगळे तिथेच फसतात. हॉटेल ठरतं, रेल्वेचं तिकीट निघतं, रजा मंजूर होते आणि मग आठवडाभर आधी कोणीतरी फोन करून विचारतं, "चाकणला गाड्यांचा कारखाना बघायला तिकीट किती?" चाकणच्या कुठल्याही गेटवर तिकीट खिडकी नाही, ताई. तिथे उभा असतो सिक्युरिटीवाला, आणि त्याच्या हातात नावांची यादी. यादीत तुमचं नाव असलं तर तुम्ही पाहुणे, नसलं तर मोठ्या साहेबांची ओळख सांगूनही उपयोग नाही.

म्हणून क्रम असा धरा: परवानगीची तारीख हातात आली की मगच बाकीची सहल तिच्या मागेपुढे बसवायची. म्युझियम कुठे पळत नाही.

परवानगी कशी मिळते ते सांगतो. आपल्याकडचे बहुतेक कारखाने एकट्यादुकट्या कुटुंबाला घेत नाहीत, पण शाळा-कॉलेजच्या गटाला घेतात. ह्याला ते इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणतात, मुलं म्हणतात आयव्ही. तेव्हा तुमच्या मुलाच्या मुख्याध्यापकांना गाठा. शाळेच्या लेटरहेडवर कंपनीच्या एचआरला पत्र जाऊ दे: किती मुलं, कोणत्या इयत्तेतली, सोबत शिक्षक किती, काय बघायचंय आणि का. तारखा दोन द्या, एक नको. मुलांची नावं, वयं आणि ओळखपत्राचे नंबर सोबत जोडा, म्हणजे पुढचे आठ मेल टळतात. मे महिन्यात जायचं असेल तर हे पत्र जानेवारीत गेलं पाहिजे. उत्तर आलं नाही म्हणून गप्प बसू नका, पंधरा दिवसांनी फोन करा. एचआरमधल्या माणसासमोर अशी पत्रं ढिगाने पडलेली असतात आणि ज्याचा फोन येतो त्याचं पत्र वर येतं.

वयाची अट आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी लहान मुलांना लाइनवर, म्हणजे गाडी जोडत जोडत पुढे सरकते तिथे, घेत नाहीत आणि मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी. नववीच्या मुलाचं काठावरचं असतं. शाळेमार्फत जमलं नाही तर दुसरी वाट म्हणजे तुमची गाडी ज्या डीलरकडून घेतलीत त्याचा सेल्स मॅनेजर. कधीकधी कंपन्या डीलरमार्फत ग्राहकांना प्लांट दाखवतात. विचारायला पैसे पडत नाहीत.

वाराही सांभाळायचा. पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेच्या टंचाईच्या काळापासून ते तसंच चालत आलंय. रविवारी लाइन धडधडत असते आणि गुरुवारी शुकशुकाट. शिवाय वर्षातून एक-दोनदा देखभालीसाठी अख्खा प्लांट बंद असतो. पत्रात "त्या दिवशी लाइन चालू असेल ना?" हा प्रश्न स्पष्ट लिहा. बंद लाइन बघणं म्हणजे नारळ फोडून आतलं खोबरं न खाता येणं.

आता माझा एक फजितीचा किस्सा, म्हणजे तुम्ही तो परत करणार नाही. आयटीआयच्या २३ पोरांना घेऊन आम्ही चिपळूणहून रात्री दोनला निघालो. हिशोब साधा होता: कुंभार्ली घाट, पाटण, उंब्रज, सातारा, कात्रज आणि सकाळी आठला गेटवर. स्लॉट नऊचा. कुंभार्लीत एक ट्रेलर वळणावर आडवा झालेला. तीन तास आम्ही धुक्यात उभे. निम्मी पोरं झोपलेली, उरलेल्यांना मळमळ. गेटवर पोचलो साडेअकराला. स्लॉट गेलेला. हातापाया पडल्यावर एक वाजताच्या गटात घेतो म्हणाले आणि तेवढ्यात सिक्युरिटीवाल्याची नजर खाली गेली. चार पोरं फ्लोटर घालून आली होती. पावसाळ्यात कोकणातलं पोर बूट घालतं कधी? चौघांना गेटच्या खोलीत बसवून ठेवलं आणि बाकीचे आत गेले. त्यातला एक अजून भेटला की बोलून दाखवतो. कंपनीची काही चूक नव्हती. चूक माझी, कारण पायताणाचा नियम पत्रात लिहिलेला होता आणि मी तो मुलांना वाचून दाखवला नव्हता.

तेव्हापासून माझा नियम एकच: कारखान्याच्या आदल्या रात्री मुक्काम घाटाच्या वर, गेटपासून तासाभराच्या आत. गुहागरहून पुण्याला सात तास धरा आणि ते सकाळचे धरा, रात्रीचे नव्हे. पायात पुढून बंद बूट, अंगात पूर्ण पँट, सैल ओढणी नको, हातात कडं किंवा अंगठी नको. मोबाइल एकतर गेटवर ठेवून घेतात किंवा कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. मुलाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्याचा अर्धा दिवस त्याच दुःखात जातो. एक वही आणि पेन द्या. आठवणीसाठी तेच खरं.

आत काय दिसतं, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण कशाकडे बघायचं हे माहीत नसेल तर कारखाना म्हणजे नुसता आवाज आणि पिवळे रोबोट.

पत्र्याच्या गुंडाळीपासून गाडीपर्यंत चार टप्पे असतात. प्रेस शॉपमध्ये पत्र्याला दरवाजा, बॉनेट, छप्पर असे आकार येतात. बॉडी शॉपमध्ये ते तुकडे वेल्डिंगने जोडले जातात. पेंट शॉपमध्ये रंग, आणि शेवटी असेंब्ली, म्हणजे बाकीचे सगळे भाग बसवणं. पेंट शॉप सहसा काचेतूनही दाखवत नाहीत. तिथे धुळीचा एक कण गाडीच्या अंगावर पुटकुळीसारखा उठतो, मग बाहेरच्या ५० माणसांना कोण आत सोडेल? प्रेस शॉप दाखवलं तर पायाखाली लक्ष द्या. प्रेस खाली आली की जमीन तळपायातून कळते.

पण खरी जागा असेंब्लीतली, जिला तिथली माणसंसुद्धा हसत हसत "मॅरेज" म्हणतात. रंगवलेली बॉडी वरून लोंबकळत येते, आतून अजून पोकळ. खालून एका ट्रॉलीवर इंजिन, गिअरबॉक्स आणि एक्सल येतात. दोन्ही एकाच वेगाने सरकत असतात. मग खालची ट्रॉली हळूच वर उचलली जाते, चार-पाच जण दोन्ही बाजूंनी आत वाकतात, नटरनरचा (नट आवळायच्या यंत्राचा) "ट्ररर" आवाज, प्रत्येक नटाच्या शेवटी एक "टक्", आणि समोरच्या स्क्रीनवर हिरवा ठिपका. तो ठिपका आला नाही तर गाडी पुढे जात नाही. आमच्या गॅरेजमध्ये इंजिन बसवायला चेन पुली, दोन हेल्पर आणि अर्धा दिवस लागतो, वर एकमेकांच्या नावाने शंख. तिथे तो कार्यक्रम दोन मिनिटांत होतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला स्वतःचीच कीव आली होती.

मुलाला घड्याळ लावायला सांगा. एक गाडी एका ठिकाणाहून पुढच्या ठिकाणी जायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. समजा दोन मिनिटं लागली, तर आठ तासांच्या शिफ्टमध्ये जेवण-चहा वजा जाता २१० च्या आसपास गाड्या. म्हणजे दोन मिनिटांत जे काम बसत नाही ते दोन माणसांत वाटलं जातं. अख्ख्या कारखान्याची मांडणी ह्या एका आकड्यावर झालेली असते आणि पोराला ती स्वतःच्या वहीत सापडली की मग तो पुढचे सहा महिने तुम्हाला घरातल्या भाकऱ्यांचाही हिशोब घालून दाखवेल.

ह्याच्या आधी मात्र त्याला एक दिवस गॅरेजमध्ये पाठवा. माझ्याकडे नाहीतर गुहागरात ओळखीचं असेल तिथे. हेड, म्हणजे वरचं झाकण, खोललेलं इंजिन त्याने एकदा हाताने चाचपलेलं असावं. माझ्या टेबलावर एक वाकलेला कनेक्टिंग रॉड (इंजिनात पिस्टनला जोडलेला दांडा) पेपरवेट म्हणून पडलेला असतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हाचा. एका गिऱ्हाइकाने पाण्यातून गाडी तशीच दामटली. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला, पाणी हटेना, मग मधला रॉड वाकला. बोटभर जाडीचं पोलाद, पण केळीच्या पानाच्या देठासारखं वळलंय. मुलांच्या हातात तो दिला की पहिला प्रश्न येतोच: "इतकं मजबूत बनवतात कसं?" हा प्रश्न घेऊन जो पोरगा कारखान्यात जातो तो गाइडच्या मागे चिकटून चालतो. बाकीचे कँटीनचा समोसा कधी मिळणार ते विचारत असतात. (समोसा चांगला असतो, हेही सांगितलं पाहिजे.)

आता म्युझियम. आपल्याकडे गाड्यांचा संग्रह म्हटलं की लोक दिल्ली-राजस्थानची नावं घेतात. ती वाईट नाहीत. उदयपूरला मेवाडच्या राजघराण्याचं जुनं गॅरेजच म्युझियम म्हणून उघडलेलं आहे. गुरुग्रामच्या पुढे तावडूला हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे, २०१३ पासून. त्यात बैलगाडीपासून विमानापर्यंत सगळं येतं आणि दिवसभर पाय दुखतात. अहमदाबादजवळ प्राणलाल भोगीलाल ह्यांचा संग्रह आहे, रोल्स रॉइसच्या भक्तांनी तिथे जावं. पण मेच्या उन्हात ७२ वर्षांच्या माणसाला घेऊन मी तिकडे जाणार नाही. आपण कोकणातले, आपल्या दारात कोकण रेल्वे आहे, आणि गाड्यांची चांगली म्युझियम ह्या रुळांच्या दक्षिण टोकाला लागूनच आहेत. हे आपल्याच लोकांच्या लक्षात येत नाही.

तुमच्यासाठी मी एक चक्र सुचवतो. रविवारी गुहागरहून पुणे. सोमवारी आराम, हवं तर कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेंचं म्युझियम. मोटारीचा त्यात संबंध नाही, पण सासरे आणि नातू दोघंही तिथे खूश होतात. मंगळवार किंवा बुधवारी कारखाना. तिथून रेल्वेने म्हैसूर. म्हैसूरच्या अलीकडे, बंगळुरूच्या हमरस्त्याला श्रीरंगपट्टण तालुक्यात पयण नावाचं म्युझियम आहे. धर्मस्थळाचे धर्माधिकारी वीरेंद्र हेग्गडे ह्यांचा संग्रह. मग कोईमतूर. आणि परतताना पालघाटमार्गे मंगळुरू, तिथून धर्मस्थळ, मग मंगळुरूला परत येऊन कोकण रेल्वेने थेट चिपळूण. धर्मस्थळालाही मंजुषा म्युझियममध्ये गाड्या आहेत, त्याच हेग्गडे ह्यांनी जमवलेल्या. देवदर्शनही होतं, म्हणजे घरात सहलीला विरोध करणारं कोणी असेल तर तो प्रश्नही मिटला.

म्हैसूरहून कोईमतूरला रस्त्याने जाताना बंदीपूरच्या जंगलातून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद असते. सकाळी निघा. गुंडलुपेटला दुपारचं जेवण.

कोईमतूरला एक पूर्ण दिवस ठेवा. अविनाशी रोडवरचं जीडी कार म्युझियम छोटं आहे पण नेटकं. ते उघडलं २०१५ मध्ये, मात्र त्यामागची गोष्ट जुनी आहे. जी. डी. नायडू शाळा अर्धवट सोडलेले गृहस्थ. १९२० मध्ये त्यांनी एक बस घेऊन पोल्लाची ते पळणी अशी सेवा सुरू केली आणि पुढे तिचा मोठा ताफा केला. १९३७ मध्ये त्यांच्याकडे भारतात बनलेली पहिली इलेक्ट्रिक मोटर (गाडी नव्हे, विजेवर फिरणारं यंत्र) तयार झाली. एका ड्रायव्हर-मालकाने यंत्र उघडून बघण्याच्या हौसेपायी काय केलं ते बघायला मिळतं, आणि तुमच्या सासऱ्यांना राजेरजवाड्यांच्या चांदीच्या दिव्यांपेक्षा ही गोष्ट जास्त जवळची वाटेल असा माझा अंदाज आहे. राजांच्या गाड्यांत बघण्यासारखं पुष्कळ असतं, पण त्या कोणी रोज चालवल्या नाहीत. मला त्यात इंजिनापेक्षा गादीच दिसते.

तसं राजाची गाडी बघायचीच तर आपल्या कोल्हापूरला दसऱ्याला जा. छत्रपतींची मेबॅक त्या दिवशी दसरा चौकात बाहेर निघते. काचेमागे ठेवलेल्या शंभर गाड्यांपेक्षा स्वतःच्या चाकांवर चालत येणारी एक गाडी बरी.

रेल्वेचं तिकीट ६० दिवस आधी उघडतं. मे महिन्यात चाकरमानी गावाला येत-जात असतात, म्हणून मंगळुरू-चिपळूण परतीचं तिकीट त्या दिवशी सकाळीच काढा. वाटेत एखाद्या स्टेशनवर क्रॉसिंगला गाडी थांबली तर मुलाला खिडकीत बसवा. रुळावर चढवलेल्या ट्रकांची रो-रो गाडी समोरून जाईल. ट्रक वर, ड्रायव्हर ट्रकच्या केबिनमध्ये झोपलेला आणि खाली मालगाडी. १९९९ पासून कोकण रेल्वेवर हे चालू आहे आणि मी अजून प्रत्येक वेळी ट्रक मोजतो.

परवानगीच आली नाही तर? मग पुणं सोडून द्या आणि चक्र उलटं फिरवा. रात्री चिपळूणला मत्स्यगंधात बसलं की सकाळी मंगळुरू. पुण्याला नुसतं "गाड्यांचं शहर" म्हणून जाण्यात अर्थ नाही. टेल्कोने (म्हणजे आताची टाटा मोटर्स) पिंपरीत आणि बजाजने आकुर्डीत साठच्या दशकात बस्तान बसवलं, नंतर चाकण वाढलं, हा इतिहास खरा. पण रस्त्यावरून दिसते ती फक्त कंपाउंडची भिंत आणि कंटेनरची रांग.

दहा दिवस नकोत आणि नुसती चाचणी घ्यायचीय, तर गोवा. सकाळच्या गाडीने मडगाव, तिथून बाणावली हाकेच्या अंतरावर. गोवा चित्र म्युझियमच्या आवारात गोवा चक्र म्हणून भाग आहे, तो चाकांचाच. बैलगाड्या, घोडागाड्या, जुनी वाहनं. चाकाला लोखंडी धाव कशी चढवतात, आरे किती असतात, हे बघितल्याशिवाय मोटारीच्या चाकाकडे बघू नये असं माझं मत आहे. जवळच नुवेला आश्वेक व्हिंटेज वर्ल्ड आहे, जुन्या मोटारींचं. दोन्ही मिळून एक दिवस पुरतो आणि मुलगा खरंच किती वेळ टिकतो तेही कळतं. सत्तरी तालुक्यात होंडा नावाचं गाव आहे आणि तिथे बसच्या बॉड्या बांधण्याचा कारखानाही आहे. नावाला भुलून गटातलं कोणीतरी हमखास विचारतं, "तिथे होंडाची फॅक्टरी आहे ना?" नाही. १९८० मध्ये स्थापन झालेल्या त्या कंपनीचं नातं टाटांच्या बसशी.

आता जर्मनी. इथे मी स्वतः दोनदा गट नेलाय, म्हणून खात्रीने सांगतो की आठ शहरं करू नका. स्टुटगार्ट आणि म्युनिक, मध्ये हवं तर झिन्सहाइम, बास. स्टुटगार्टला मर्सिडीज आणि पोर्शे, म्युनिकला बीएमडब्ल्यू. ही तिन्ही म्युझियम सोमवारी बंद असतात आणि कारखान्याच्या फेऱ्या शनिवार-रविवारी मिळतील ह्या भरवशावर राहू नये. मग उरतात मंगळवार ते शुक्रवार. विमानाचं तिकीट स्वस्त पडतं म्हणून लोक शनिवारी उतरतात आणि सोमवारी संध्याकाळी स्टुटगार्ट सोडतात. मी असं एक कुटुंब पोर्शेच्या बंद दाराशी फोटो काढताना बघितलंय, नागपूरचं होतं. ऑगस्टमध्ये आणि नाताळ ते नववर्ष लाइन बंद राहण्याची शक्यता मोठी, त्या तारखा टाळा. इटलीत तर १५ ऑगस्टच्या मागेपुढे अख्खा देशच सुट्टीवर असतो. आणि मारानेल्लोला फेरारीच्या "फॅक्टरी टूर"चं तिकीट घेऊन कोणी स्वप्नं रंगवू नयेत: बसमधून आवारात फिरवतात, इमारतीत उतरू देत नाहीत. आत जायला आधी फेरारी विकत घ्यावी लागते.

मर्सिडीजच्या म्युझियममध्ये लिफ्टने सगळ्यात वर नेतात आणि मग उतरत उतरत खाली यायचं, १८८६ पासून आजपर्यंत. लिफ्टचं दार उघडलं की समोर पहिली दिसते ती मोटार नसते, पांढरा घोडा असतो. मला ते फार आवडलं. त्याच मजल्यावर कार्ल बेंझची तीन चाकी गाडी, जिचं पेटंट २९ जानेवारी १८८६ चं. पण मुलाला गोष्ट सांगायची ती बेर्था बेंझची. ऑगस्ट १८८८ मध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला ह्या गाडीने निघाली. शंभरेक किलोमीटर. पेट्रोल पंप नावाची गोष्ट नव्हती, तेव्हा इंधन घेतलं वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून. ब्रेकचं लाकूड झिजलं तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. म्हणजे ब्रेक लायनिंग. मी गॅरेजवाला आहे, त्यामुळे शोध पेटंटचा की चामड्याचा, ह्यावर माझं मत तुम्ही ओळखलं असेल.

म्युनिकला बीएमडब्ल्यूच्या म्युझियममध्ये एका खोलीत छतापासून बारीक तारांना ७१४ धातूच्या गोळ्या लोंबतात. त्या खालीवर होत होत हवेत गाडीचा आकार धरतात, मोडतात, परत धरतात. दहा मिनिटं बसा तिथे. झिन्सहाइमच्या म्युझियमच्या छतावर कॉन्कॉर्ड आणि रशियन टीयू-१४४ ही दोन्ही आवाजापेक्षा वेगवान प्रवासी विमानं शेजारी-शेजारी उभी आहेत आणि आत चढता येतं. आत जिने चढायचे आहेत, सासऱ्यांचे गुडघे विचारून ठरवा.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मुलगा अल्पवयीन आहे म्हणून आई-वडील दोघांची संमती लागते. इथेही क्रम तोच: कारखान्याच्या फेरीची जागा आधी ऑनलाइन धरा, मग विमान.

पैसे आणि हौस दोन्ही असतील आणि एकच परदेशी जागा निवडायची असेल, तर मी जर्मनीऐवजी जपानातलं नागोया म्हणेन. टोयोटाचं उद्योग-तंत्रज्ञानाचं म्युझियम तिथे जुन्या कापड गिरणीच्या जागेत आहे, १९९४ पासून. अर्धं म्युझियम मोटारींचं आणि अर्धं चक्क मागांचं. साकिची टोयोडा मूळचे मागवाले. १९२४ च्या त्यांच्या मागाची खुबी ही की धागा तुटला की माग आपोआप थांबतो, खराब कापड विणतच नाही. तिथला माणूस तुमच्यासमोर धागा तोडून दाखवतो. खट्. थांबला. आपल्या इचलकरंजीच्या माणसाला ही खट् लगेच कळेल. पुढे मोटारीच्या लाइनवर कामगाराने दोरी ओढली की लाइन थांबते, ते ह्याच मागातून आलंय. आणि ह्या मागाच्या पेटंटचे जे पैसे इंग्लंडच्या कंपनीकडून आले, त्यातून मोटारीच्या प्रयोगांना बळ मिळालं. तुमच्या मुलाने पुण्यात घड्याळ लावून मोजलेली लाइन इथे येऊन मुळापाशी भेटते.

सासऱ्यांबद्दल. त्यांना चालवायला फार नका, पण बाजूला बसवूनही ठेवू नका. म्युझियममध्ये बऱ्याच ठिकाणी व्हीलचेअर मिळते, आधी फोन करून ठेवा. त्यांनी आयुष्यभर चालवलेली पद्मिनी ही मुळात फियाट ११०० डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. मुंबईत ती टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असायचा. तुमच्या मुलाने तो कधी बघितलेला नाही. कुठल्याही म्युझियममध्ये स्टिअरिंगला गिअर असलेली गाडी दिसली की गाइडला दोन मिनिटं थांबवा आणि पहिला गिअर कसा पडायचा ते आजोबांना हवेत हात करून दाखवू द्या. माझ्या एका गटात असेच एक आजोबा होते, परळचे टॅक्सीवाले. त्यांनी हात पुढे ओढला, वर नेला, आणि डावा पाय आपसूक जमिनीवर दाबला गेला. गाइडने वही काढली.